शिलाई मशीन समजावताना : प्रकल्प नोंदी

३ मार्च

काम ठरलं. शिलाई मशीन आतून कसं बांधलेलं असतं ते लिहायचं, आणि ज्याने आयुष्यात स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेला नाही त्यालाही कळेल असं लिहायचं. सोबत आठ-दहा रेखाचित्रं.

मशीन मावशीचं. काळं, बिडाचं, पायडलवर चालणारं, फक्त सरळ टाका घालणारं. नव्या मशीनमध्ये सर्किट आणि प्लॅस्टिकची झाकणं आडवी येतात. या मशीनमध्ये झाकण्यासारखं काही नाही. डोकं मागे कलतं केलं की खालचे सगळे दांडे समोर दिसतात. चाकाचा एक फेर म्हणजे एक टाका. सुई खाली जाणं, कापड सरकणं, दोरा ओढला जाणं, सगळं त्या एका फेरात बसवलेलं आहे.

मावशीने चाळीस वर्षं यावर शिवलंय. तिने एकच अट घातली. "उघड हवं तेवढं, पण परत जोडल्यावर त्याने शिवलं पाहिजे."

५ मार्च

पहिला मसुदा लिहून झाला. सुटे भाग वरून खाली क्रमाने: चाक, वरचा दांडा, सुईदांडा, फूट, टेन्शनच्या चकत्या, दोरा ओढणारा दांडा, दाते, शटल, बॉबिन केस, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ; केस म्हणजे तिची डबी). प्रत्येकाखाली दोन ओळी. एकही विधान चुकीचं नाही.

दादाला वाचायला दिला. त्याने बटणसुद्धा कधी लावलेलं नाही, म्हणून मुद्दाम त्याला. शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "भाग समजले. पण टाका पडतो कसा?"

मसुदा बाजूला ठेवला. यादीतून यंत्र कळत नाही. त्याच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्या चार पानांत कुठेच नव्हतं, आणि खरं तर लिहायचं होतं ते तेवढंच.

६ मार्च

सुरुवात बदलली. आता भागांऐवजी दोऱ्याचा माग काढायचा.

हाताने शिवताना सुई कापडातून आरपार जाते आणि मागचा अख्खा दोरा ओढून नेते. नेढं बुडाशी असतं, म्हणून दोरा शेपटीसारखा मागोमाग येतो. मशीनची सुई आरपार जातच नाही. वरून खाली उतरते आणि ज्या भोकातून गेली त्याच भोकातून परत वर येते. तिचं नेढं टोकाजवळ आहे. त्यामुळे दोरा तिच्याबरोबर खाली उतरतो आणि तिच्याबरोबरच वर येऊ पाहतो. मध्ये कोणी अडवलं नाही, तर मशीन दिवसभर चाललं तरी कापडाला नुसती भोकं पडतील.

ही कोंडी पहिल्याच परिच्छेदात मांडायची. वाचकाला आधी अडचण दिसली की पुढचा प्रत्येक भाग तिचं उत्तर म्हणून येतो.

टोकाजवळ नेढं असलेली सुई आणि कापडाच्या पलीकडून दुसरा दोरा, ही जोडी एलियस हाउ यांच्या १८४६ च्या अमेरिकी पेटंटमध्ये आहे. त्यापूर्वी वॉल्टर हंट यांनीही असा टाका घालणारं यंत्र केलं होतं, पण पेटंट घेतलं नव्हतं. इतिहास इतकाच ठेवते. पेटंटांवरून झालेली भांडणं हा वेगळा लेख होईल.

१० मार्च

आजचा अख्खा दिवस एका फासात गेला आणि सार्थकी लागला.

सुईखालची पट्टी काढली, वर जाड लाल दोरा ओवला, मागे पांढरा कागद धरला. मोबाईल जवळ टेकवून स्लो मोशन लावलं आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवलं. खाली काही धरणारं असल्याशिवाय फास दिसत नाही, म्हणून सुई एका घट्ट विणीच्या कापडाच्या तुकड्यातून जाऊ दिली.

सुई अगदी तळाशी गेली तेव्हा दोरा तिला दोन्ही बाजूंनी चिकटून ताठ होता. नंतर ती जराशी वर सरकली, जेमतेम दोन मिलिमीटर. त्याच क्षणी एका बाजूला दोऱ्याचा छोटासा फुगा झाला. दुसऱ्या बाजूचा दोरा जागचा हलला नाही.

फुगा एकाच बाजूला का? उत्तर सुईतच आहे. भिंग धरून पाहिलं. सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण आहे. त्या बाजूचा दोरा खोबणीत बुडतो, कापडाला घासत नाही, सुईबरोबर मोकळा वर-खाली होतो. उलट अंगाला तशी लांब खोबण नाही, नेढ्याच्या वर फक्त एक खोलगट तासलेला भाग आहे. तिकडचा दोरा सुई आणि कापड यांच्यात दाबला जातो. सुई वर निघते, पण हा दोरा कापडात अडकलेला असल्याने तिच्याबरोबर येऊ शकत नाही. जागा मिळेल तिकडे तो बाहेर फुगतो. तोच फास.

म्हणजे फास घालणारा वेगळा भाग मशीनमध्ये नाही. कापडाचं घर्षण आणि सुईचा आकार, एवढ्यावर तो तयार होतो. शिंपी सुई ठरावीक बाजूनेच लावायला का सांगतात तेही इथे कळतं. खोबण दोरा ओवण्याच्या बाजूला हवी. उलटी लावली की फास नको त्या अंगाला पडतो आणि टाका लागत नाही.

सुईच्या आकड्याचाही अर्थ इथेच देते. पाकिटावर ९०/१४ असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. १४ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला आकडा. दोरा सुईच्या मानाने जाड असला तर खोबणीत मावत नाही, म्हणून जाड दोऱ्याला जाड सुई.

१२ मार्च

फास झाला. आता तो पकडायचा कोणी? त्यासाठी शटल. चंद्रकोरीसारखा पोलादी भाग, एका टोकाला अणकुचीदार चोच. फास फुगतो त्याच वेळी चोच सुईला जवळजवळ खेटून जाते आणि फासात शिरते. सुई आणि चोच यांच्यामधलं अंतर इतकं कमी आहे की सुई किंचित वाकली तरी चोच हुकते.

या मशीनचं शटल गोल फिरत नाही. झोपाळ्यासारखं एकीकडे जातं आणि परत येतं. कारखान्यातल्या बहुतेक मशीनमध्ये त्याऐवजी पूर्ण फिरणारा हूक असतो, टाक्यामागे दोन फेर घेणारा. त्यामुळे ती मशीनं वेगात चालतात. यावर एक ओळ पुरे.

१४ मार्च

लिहायला सर्वांत अवघड भाग हा. बॉबिनचा.

चोचेने फास पकडला, ओढला, मोठा केला. पुढे तो फास बॉबिनभोवती पूर्ण जातो, एक बाजू पुढून आणि दुसरी मागून, आणि पलीकडे निसटतो. बॉबिनमधून आलेला खालचा दोरा त्यात अडकतो. टाका म्हणजे एवढंच.

दादा म्हणाला, "थांब. फास अख्ख्या बॉबिनभोवती गेला? मग बॉबिन कशावर बसवलीय? दांड्यावर असेल तर फास दांड्याला अडकेल."

या प्रश्नासाठी त्याला मिठी मारावीशी वाटली. मी आठवडाभर मशीन उघडून बसले होते आणि मला हा प्रश्न पडला नव्हता, कारण बॉबिन काढ-घाल करायची मला लहानपणापासून सवय.

बॉबिन कशालाच जोडलेली नाही. ती केसमध्ये सुटी, केस शटलच्या मधल्या खुंटीवर सुटी, आणि शटल आपल्या गोल खाचेत सुटं. या सगळ्याला आधार आहे, जोड कुठेच नाही. शटल फिरलं की केसही त्याच्याबरोबर फिरू पाहील, म्हणून केसला वर एक बोट आहे. ते झाकणाच्या खाचेत अडकतं. अडकतं, पण घट्ट बसत नाही. बोट आणि खाच यांच्यामध्ये दोरा सरकेल इतकी फट ठेवलेली आहे. मागच्या बाजूलाही तसंच. शटलला ढकलणारा दुवा त्याला स्क्रूने जोडलेला नाही. एकदा या बाजूने ढकलतो, एकदा त्या बाजूने, आणि मधल्या फटीतून दोरा निघून जातो. हे मशीन चालताना खट-खट वाजतं त्यात या ढकलण्याचाही आवाज आहे.

त्या फटी म्हणजे ढिलाई नाही, झीजही नाही. त्या मोजून ठेवलेल्या वाटा आहेत. त्यांना घट्ट करावं असं कुणाला वाटलं, तर मशीन एकही टाका घालणार नाही.

१५ मार्च

कालचं नुसत्या शब्दांत दादाच्या गळी उतरेना. म्हणून प्रयोग केला.

एक गोल डबा घेतला. आत सुतळीचा गुंडा, झाकणाच्या भोकातून सुतळीचं टोक बाहेर. डबा म्हणजे बॉबिन. तो दादाने दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांवर अधांतरी धरला. मी वरून दोरीचा फास आणला, डब्याएवढा मोठा केला आणि डब्यावरून उतरवू लागले. दोरी त्याच्या उजव्या हातापाशी अडली. त्याने उजवी बोटं क्षणभर उचलली, डबा डाव्या हातावर राहिला, दोरी गेली. मग उजवी टेकवून डावी उचलली, तिकडूनही गेली. डबा पडला नाही आणि फास पूर्ण पलीकडे निघून आला. मी दोरी वर ओढली तेव्हा डब्यातली सुतळी तिच्यात अडकून वर आली.

"म्हणजे मशीनमध्ये माझ्या बोटांचं काम त्या फटी करतात," दादा म्हणाला.

हे वाक्य तसंच्या तसं लेखात घेतलं. प्रयोगही घेतला, दोन माणसांनी करायचा म्हणून.

१९ मार्च

एक हिशेब जुळत नव्हता. टाका अडीच मिलिमीटरचा. फास मात्र बॉबिन केसभोवती जाण्याइतका मोठा, म्हणजे दर टाक्याला कितीतरी सेंटिमीटर दोरा खाली जायला हवा. एवढा दोरा जातो कुठे?

तो वर परत येतो. मशीनच्या पुढच्या तोंडावर खाली-वर नाचणारा भोकाचा दांडा असतो ना, तो यासाठीच. चोच फास ओढत असते तेव्हा दांडा खाली येऊन दोरा सैल सोडतो. फास बॉबिनवरून निसटला की दांडा झपाट्याने वर जातो आणि सैल दोरा सगळा परत खेचून टाका आवळतो. अगदी वर पोचताना रिळातून टाक्यापुरता नवा दोरा ओढून घेतो. उतरताना सावकाश आणि चढताना झपाट्याने, ही चाल त्याला वरच्या दांड्यावरच्या एका नळकांड्याच्या वळणदार खोबणीतून मिळते. खोबणीत एक छोटा रोलर फिरतो. खोबणीचं वळण जसं कातलंय तशी त्या दांड्याची चाल.

खात्री करायला पांढऱ्या दोऱ्यावर निळ्या शाईचा ठिपका दिला आणि एकेक टाका हाताने घातला. ठिपका नेढ्यातून खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर, दर वेळी जरासा पुढे सरकत. कापडात कायमचा बसेपर्यंत तो बावीस वेळा नेढ्यातून जाऊन आला. दुसऱ्या ठिपक्याला एकवीस वेळा.

म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक कण टाक्यात बसण्याआधी वीसेक वेळा नेढ्याला घासतो. जुना, विटलेला दोरा मशीनवर का तुटतो आणि हाताने शिवताना त्या मानाने का टिकतो, ते मला आज कळलं. नेढ्याच्या कडेला बारीकसा ओरखडा असेल तर सुई का बदलावी तेही.

२१ मार्च

दाते. यावर फार वेळ घालवायची गरज पडली नाही, कारण दाखवायला सोपं आहे. टेबलावर रुमाल ठेवा. चार बोटं टेकवा, पलीकडे सरकवा, बोटं उचला, मागे आणा, पुन्हा टेकवा. दाते तेच करतात, फक्त खालून: वर, पलीकडे, खाली, अलीकडे. वरून फूट स्प्रिंगने दाबून धरतं म्हणून कापड दातांना धरून राहतं. या चौकोनी चालीचं पेटंट ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये घेतलं.

दाते पट्टीच्या वर येऊन कापड सरकवतात ते सुई कापडाबाहेर असतानाच. सुई आत असताना कापड सरकलं तर सुई वाकेल. टाक्याची लांबी बदलायचा खटका फक्त सरकण्याचं अंतर कमी-जास्त करतो. वर उचलण्याची हालचाल वेगळ्या दुव्यातून येते आणि तीत फरक पडत नाही.

पायडल आणि पट्टा एका वाक्यात उरकला. खालचं मोठं चाक वरच्या चाकाच्या जवळपास चौपट आहे, त्यामुळे खालच्या चाकाच्या एका फेरात चारेक टाके पडतात.

२४ मार्च

टेन्शन. चित्र मावशीने सुचवलं. वर लाल दोरा, खाली पांढरा, आणि शिवलेल्या कापडाचा आडवा छेद. दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात ती गाठ कापडाच्या जाडीच्या मधोमध लपली पाहिजे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलाय, किंवा खालचा फार सैल आहे. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर उलट.

वरचा ताण दोन चकत्यांमधून येतो, त्यांना स्प्रिंग दाबते. खालचा ताण बॉबिन केसच्या पातळ पोलादी पट्टीतून, तिच्यावर डोळे ताणून पाहावा लागेल एवढासा स्क्रू. मावशी केस दोऱ्याला लोंबकळत धरते आणि हात हलकेच झटकते. केस थोडीशी उतरून थांबली तर ताण बरोबर. भसकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

मावशीने आणखी एक सांगितलं जे मी लिहिलंच नव्हतं. फूट वर उचललं की चकत्या उघडतात. म्हणून दोरा ओवताना फूट वर हवं. खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, आणि मग माणसं स्क्रू फिरवत बसतात.

२७ मार्च

मशीन परत जोडलं आणि ते टाके सोडायला लागलं. चार टाके ठीक, दोन गायब, पुन्हा तीन ठीक. संध्याकाळपर्यंत बसले. सुई बदलली, दोरा बदलला, शटल काढून त्याच्या खाचेतला कापसाचा थर पुसून पुन्हा बसवलं. काही फरक नाही.

मावशी दुसऱ्या खोलीत होती. तिथूनच म्हणाली, "अगं, आवाज बरोबर येतोय. शटल नीट आहे. सुईची उंची बघ."

चूक माझी. सुईदांडा काढताना तो किती वर-खाली होता याची खूण करायला हवी होती. ती केली नाही आणि बसवताना अंदाजाने बसवला.

आता दहा तारखेचं निरीक्षण उपयोगी पडलं. चाक फिरवून सुई तळाला नेली, मग दोन मिलिमीटर वर आणली आणि चोच कुठे आहे ते पाहिलं. त्या क्षणी चोच नेढ्याच्या जराशी वरून जायला हवी. ती नेढ्याच्या अगदी रेषेत होती. म्हणजे सुई वर बसलेली. फास फुगतो नेढ्याच्या वर आणि चोच जायची त्याच्या खालून. कधी चुकून सापडायचा, कधी नाही. स्क्रू सैल केला, दांडा दीड मिलिमीटर खाली घेतला, आवळला.

जुन्या चादरीच्या कापडावर सलग एक हात शिवलं. एकही टाका सुटला नाही. मावशी बाहेर आली, शिवण दोन्ही बाजूंनी नखाने चाचपली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

हा प्रसंग लेखात जाईल. दीड मिलिमीटरने काय बिघडतं हे सांगितल्याशिवाय "वेळ जुळलेली असते" या वाक्याला वजन येत नाही.

३० मार्च

क्रम पक्का झाला: अडचण, फास, चोच, सुटी बॉबिन, डब्याचा प्रयोग, दोरा परत खेचणारा दांडा, दाते, ताण. चाक आणि दांडे शेवटी, कारण हालचाल कशासाठी हवी हे कळल्यावरच ती कुठून येते हे वाचावंसं वाटतं. नावांची यादी चित्राखाली गेली.

चौथं चित्र पुन्हा काढलं. बॉबिन केसचं बोट मी खाचेला चिकटलेलं दाखवलं होतं. आता फट मुद्दाम मोठी काढली आणि तिच्यातून जाणारा दोरा लाल केला.

१ एप्रिल

मावशीने शेवटचा मसुदा वाचला. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवून. दुरुस्ती एकच.

"चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते कुठे लिहिलंयस?"

लिहिलं नव्हतं. या मशीनचं चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. पायडल नव्याने शिकणाऱ्याचं चाक सुरुवातीला हमखास उलटं जातं. उलटं गेलं की फास आणि चोच यांची गाठ नीट पडत नाही आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो किंवा दोरा तुटतो. मावशी म्हणाली, शिकायला आलेल्या मुलींना ती आधी दोरा न ओवता, कागदावर, नुसतं चाक सरळ चालवायला लावते. ते जमलं की मग दोरा.

पहिल्या पानावर, पहिल्या चित्राच्या शेजारी, चाकावर बाण काढला आणि खाली ते लिहिलं. मसुदा छपाईला दिला. मशीनला तेल घालून ते मावशीच्या खिडकीपाशी परत ठेवलं.